स्पेक्ट्रमच्या सोव्हिएत नकला

प्रयोगवह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दोन विद्यार्थ्यांचे उत्तर सारखे आणि बरोबर असेल, तर कोणी कोणाची वही पाहिली हे सांगता येत नाही. पण दोघांच्याही वहीत लंबकाच्या आवर्तकालाचे दशांशचिन्ह एकाच जागी घसरलेले असेल, तर शंकेला जागा उरत नाही. जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारे अभ्यासकही याच युक्तीने काम करतात. समान चूक दिसली की समान पूर्वज शोधायचा. हीच कसोटी आम्ही या लेखात एका संगणकाला, खरे तर संगणकांच्या एका मोठ्या कुटुंबाला, लावून पाहणार आहोत.

मूळ पोथी म्हणजे 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये तो बाजारात आणला. १६ किलोबाइट मेमरीचा संगणक १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना मिळे. पडदा म्हणून घरचा टीव्ही, कार्यक्रम साठवायला घरचा कॅसेट रेकॉर्डर आणि रबराची बटणे असा सगळा काटकसरीचा मामला होता. महाराष्ट्रातल्या काही वाचकांना त्याचे पुढचे रूप पुण्यामुळे आठवत असेल. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला आणला होता.

सोव्हिएत संघात परवाना वगैरे कोणी घेतला नाही. तिथे याच संगणकाच्या इतक्या नकला झाल्या की त्यांची पूर्ण यादी करणे अवघड आहे. त्यांतल्या दोन आम्ही येथे विशेष पाहणार आहोत. एक, सेर्गेई झोनोव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रचलेला 'लेनिनग्राड'. दुसरा, मॉस्कोत १९९१ च्या सुमारास पुढे आलेला 'पेंटॅगॉन १२८'. या नकलांबद्दल दोन प्रकारचे लिखाण वाचायला मिळते. एका प्रकारात ही निव्वळ चोरी ठरते, तर दुसऱ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडलेला चमत्कार. आम्हाला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. यंत्राचे झाकण उघडून कोणता भाग कसा उतरवला आहे हे पाहिल्याशिवाय नकलेला गुण देता येत नाहीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९८५ पासून सोव्हिएत शाळांमध्ये 'माहितीशास्त्र व गणनतंत्राची मूलतत्त्वे' हा विषय सुरू झाला. आंद्रेई एर्शोव्ह या गणितज्ञाने त्याचा पाठपुरावा केला होता आणि प्रोग्रॅमिंगला तो 'दुसरी साक्षरता' म्हणत असे. विषय आला, पाठ्यपुस्तक आले, पण असंख्य शाळांत संगणक आलाच नाही. मुले कार्यक्रम वहीत लिहीत आणि मनातल्या मनात चालवीत. (वहीत कार्यक्रम चालवणे हा वाईट अभ्यास नव्हे, असे आमचे मत आहे. पण तो कितव्या ओळीला चुकला हे वही सांगत नाही.) साध्या माणसाला परवडेल असा घरगुती संगणक दुकानात सहसा मिळत नसे. ज्याला सोल्डरिंग येते त्याने आपला आपण करावा, असा मार्ग उरला.

आता झाकण उघडू. स्पेक्ट्रममध्ये मुख्यतः चार गोष्टी होत्या : झेड-८० मायक्रोप्रोसेसर, मेमरीच्या चिप, बेसिक भाषा साठवलेली १६ किलोबाइटची रॉम आणि फेरांटी कंपनीने बनवलेली 'यूएलए' नावाची एक चिप. झेड-८०ची पूर्व जर्मनीत बनलेली प्रत 'यू-८८०' या नावाने उपलब्ध होती, पुढे सोव्हिएत कारखान्यांनीही तशी चिप केली. मेमरीसाठी सोव्हिएत बनावटीची 'के-५६५-आरयू-५' चिप होती. रॉममधली माहिती वाचून दुसऱ्या चिपमध्ये भरता येत होती. शिवाय १९८३ मध्येच इयन लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी संपूर्ण रॉमची सूचनावार फोड करून पुस्तकच छापले होते. म्हणजे चारांपैकी तीन गोष्टी नुसत्या उतरवून घेता येत होत्या. अडले ते यूएलएपाशी.

'अनकमिटेड लॉजिक अ‍ॅरे' हे त्या चिपचे पूर्ण नाव. तिच्यात तर्कद्वारांचे घटक आधीच ठोकळ्याठोकळ्यांनी तयार असतात. फक्त शेवटचा धातूचा थर, म्हणजे कोणते टोक कोणाला जोडायचे एवढेच, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे ठरते. सिंक्लेअरच्या रिचर्ड ऑल्टवासर यांनी त्यात टीव्हीचे चित्र, कळफलक, कॅसेट, आवाज आणि सेकंदाला पन्नास वेळा मायक्रोप्रोसेसरला दिला जाणारा इशारा असे सगळे बसवले. ही चिप दुसरीकडे कुठे मिळत नव्हती आणि तिच्यात काय आहे ते बाहेरून दिसत नव्हते. शिक्षक वाचकांना 'काळ्या पेटीचा' प्रयोग आठवेल : बंद डबा हलवायचा, वाजवायचा, वजन करायचे आणि आत काय असेल ते सांगायचे. इथे मात्र सांगून भागणार नव्हते, त्यासारखे वागणारे दुसरे काही करून दाखवायला हवे होते.

लेनिनग्राडमध्ये यूएलएच्या जागी साध्या, कुठेही मिळणाऱ्या तर्क-चिप आल्या. सगळ्या मिळून चाळीस-पन्नास चिपचे सर्किट झाले. प्रत्येक चिपमध्ये चार-दोन तर्कद्वारे, एखादा गणक, एखादे निवडयंत्र. मूळ संगणकाच्या मानाने हे भरताड दिसते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की बंद डबा उघडला गेला. चित्राची ओळ मोजणारा गणक कोणता, रंगाचा बाइट कुठे थांबतो, कळफलकाच्या तारा कुठे वाचल्या जातात, हे ज्याच्यापाशी नकाशा होता त्याला बोट ठेवून दाखवता येत होते. मूळ स्पेक्ट्रमच्या ब्रिटिश मालकाला ते शक्य नव्हते. त्या यूएलएचा तपशीलवार उलगडा ख्रिस स्मिथ यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाला तो २०१० मध्ये.

पण नुसते भाग मोकळे करून काम संपत नव्हते. येथे जरा थांबणे जरूर आहे, कारण नकलेचा खरा कस येथेच लागला.

स्पेक्ट्रमचे चित्र आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपक्यांचे. कोणता ठिपका पेटलेला, कोणता विझलेला हे सांगायला ६१४४ बाइट लागतात. रंग मात्र प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र नाही. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीला मिळून एक बाइट, असे ७६८ बाइट रंगासाठी. टीव्हीच्या नळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत कोणासाठी थांबत नाही. आठ ठिपके रंगवायला त्याला सुमारे १.१४ मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात यूएलएने मेमरीतून ठिपक्यांचा एक व रंगाचा एक असे दोन बाइट सरासरी आणलेच पाहिजेत. त्याच मेमरीत त्याच क्षणी मायक्रोप्रोसेसरलाही काही लिहायचे असेल तर? दोघांना एकदम दार उघडता येत नाही. सिंक्लेअरचे उत्तर रोखठोक होते : यूएलएने मायक्रोप्रोसेसरचा ठोकाच रोखून धरायचा. सेकंदाला ३५ लाख ठोक्यांवर चालणारा हा मायक्रोप्रोसेसर मग शून्य ते सहा ठोके नुसता उभा राही. मात्र ही अडवणूक चित्र ज्या १६ किलोबाइटमध्ये राही तेवढ्यापुरतीच होती. वरचे ३२ किलोबाइट वेगळ्या चिपमध्ये, वेगळ्या दाराने. तिथे वाट पाहणे नाही.

वरच्या त्या ३२ किलोबाइटची गंमत सांगायला हवी. सिंक्लेअरने त्यासाठी ६४ किलोबिटच्या अशा चिप स्वस्तात घेतल्या, ज्यांचा अर्धा भाग सदोष होता. चांगला अर्धा तेवढा वापरला. नापास मालातून पास होण्यापुरते गुण काढण्याची ही हातोटी आम्हाला कोणत्याही सुबक सर्किटाइतकीच दाद देण्याजोगी वाटते.

नकलाकारांकडे अर्धसदोष चिप नव्हत्या. त्यांच्याकडे आठ 'आरयू-५' होत्या, म्हणजे सलग ६४ किलोबाइटची एकच खोली आणि एकच दार. त्यामुळे सिंक्लेअरचा दोन खोल्यांचा तोडगा त्यांना उतरवता येईना. चित्राने आणि मायक्रोप्रोसेसरने पाळीपाळीने आत जायचे, असे वेळापत्रक त्यांना स्वतः मांडावे लागले. पेंटॅगॉनमध्ये हे वेळापत्रक इतके नेटके आहे की मायक्रोप्रोसेसरला थांबावेच लागत नाही. म्हणजे या एका बाबतीत नक्कल मुळापेक्षा सरस निघाली. पेपर फुटला नव्हता, म्हणून गणित सोडवावे लागले आणि उत्तर अधिक चांगले आले, असे फार तर म्हणता येईल.

सरस असणे आणि सारखे असणे या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. मूळ यूएलएची एक लकब अशी की जिथे काहीच जोडलेले नाही असा मार्ग कार्यक्रमाने वाचला, तर यूएलए त्या क्षणी चित्रासाठी जो बाइट आणत असेल तोच हाती येई. हा काही कोणी ठरवून दिलेला गुण नव्हता. पण 'अर्कॅनॉइड' आणि 'कोब्रा' यांसारख्या खेळांच्या लेखकांनी तो हेरला आणि झोत पडद्यावर कुठे आहे हे ओळखण्यासाठी वापरला. ज्या नकलांत ही लकब उतरली नाही तिथे असे खेळ अडले. सर्किट रचणाऱ्याने यंत्राचे जाहीर नियम पाळले होते, खेळ लिहिणाऱ्याने अलिखित सवय धरली होती. दोष कोणाचा? आमचे मत खेळ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाते, पण पैसे देऊन कॅसेट आणणाऱ्या मुलाला हे पटणार नाही.

पेंटॅगॉनने आणखी एक मोकळीक घेतली. मूळ ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रममध्ये चित्राच्या एका फेरीत ३१२ ओळी असत आणि दर ओळीला २२४ ठोके. फेरीचे ठोके ६९,८८८. पेंटॅगॉनने ओळी ३२० केल्या, फेरी ७१,६८० ठोक्यांची झाली. विद्यार्थ्यांना भागाकार करायला द्यावा : ३५ लाखांना या दोन संख्यांनी भागले की सेकंदाला ५०.०८ आणि ४८.८३ फेऱ्या येतात. टीव्ही एवढा फरक पोटात घालतो. पण फेरीच्या इशाऱ्यावर चालणारे संगीत पेंटॅगॉनवर अडीच टक्के संथ होते. मग ३२० का? द्विमान पद्धतीत ३२० म्हणजे २५६ अधिक ६४, आणि ३१२ म्हणजे २५६ अधिक ३२ अधिक १६ अधिक ८. गणक कुठे शून्यावर आणायचा हे ओळखायला पहिली संख्या सोपी. चिपा वाचवण्यासाठी हे केले असावे, असा आमचा तर्क आहे.

या फरकाचा पुढे जो परिणाम झाला तो मौजेचा आहे. पेंटॅगॉन रशियात इतका पसरला की तिथल्या कार्यक्रमलेखकांनी त्याचेच ठोके प्रमाण मानले. सेंट पीटर्सबर्गमध्ये १९९५ साली 'एनलाइट' हा संगणकीय चित्र-संगीत रचनांचा मेळावा भरला, तोवर पश्चिमेत स्पेक्ट्रमचे उत्पादन बंद झाले होते. पेंटॅगॉनच्या ठोक्यांवर बेतलेल्या रशियन रचना मूळ ब्रिटिश स्पेक्ट्रमवर चालवल्या तर चित्राच्या कडा फाटतात, रंगांच्या पट्ट्या सरकतात. पाठभेद मूळ पाठाच्या जागी जाऊन बसला.

आता रॉमकडे वळू. येथे आमचा सूर बदलणार आहे. यूएलए समजून घ्यावी लागली, रॉम नुसती उचलता आली. त्या रॉममध्ये एक प्रसिद्ध चूक आहे. झेड-८०ला बाहेरून तातडीचा, टाळता न येणारा इशारा देण्याची सोय असते. असा इशारा आला की रॉमने मेमरीतला एक ठरलेला पत्ता पाहायचा, तिथे शून्य असेल तर काही करायचे नाही आणि शून्येतर पत्ता असेल तर तिकडे उडी घ्यायची. रॉममध्ये अट नेमकी उलटी पडली. पत्ता दिला तर काहीच होत नाही, आणि शून्य असेल तर उडी शून्यावर पडून संगणक पहिल्यापासून सुरू होतो. 'शून्य असेल तर' आणि 'शून्य नसेल तर' यांची अदलाबदल झाली, एवढीच ती चूक. १९८३ पासून ती छापील पुस्तकाच्या आधारे कोणालाही शोधता येण्याजोगी होती आणि एका सूचनेने दुरुस्त होण्याजोगी होती. तरी जिथे जिथे रॉम जशीच्या तशी घेतली गेली, तिथे तिथे ती चूकही गेली. घसरलेले दशांशचिन्ह वहीतून वहीत गेले.

ही झाली अनवधानाने आलेली वारसा-खूण. दुसरी एक खूण जाणूनबुजून जपावी लागली. ज्यांनी कॅसेटवरून स्पेक्ट्रमचा खेळ उतरवला आहे त्यांना आठवत असेल की चित्र वरून खाली क्रमाने भरत नसे. पडदा तीन भागांत, आणि प्रत्येक भागात आठ-आठ ओळी सोडून ते भरत येई. हा विक्षिप्तपणा नव्हता. मेमरी-चिपला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो. ठिपक्यांच्या बाइटचा पत्ता आणि त्याच जागच्या रंगाच्या बाइटचा पत्ता यांचा एक हप्ता सारखाच राहील, अशी ओळींची मांडणी केली, तर तो हप्ता एकदाच देऊन दोन्ही बाइट लागोपाठ वाचता येतात आणि वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळासाठी ही वाकडी मांडणी. नकलेच्या सर्किटात त्या मांडणीचे मूळ कारण उरो वा न उरो, तिला हात लावणे शक्य नव्हते, कारण सगळे कार्यक्रम तिच्यावरच उभे होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांना येथे अवशेषांगे आठवतील.

तेव्हा गुणपत्रिकेत आम्ही दोन रकाने करू. न समजता जे घेता आले ते चुकांसकट आले आणि त्याने फारसे शिकवले नाही. जे मिळाले नाही, म्हणून समजून घेऊन पुन्हा रचावे लागले, तिथे नवे काही निघाले आणि रचणारी माणसेही तयार झाली. झोनोव्ह लेनिनग्राडवर थांबले नाहीत. त्यांचा पुढचा संगणक 'स्कॉर्पियन झेडएस-२५६' मोठ्या मेमरीचा होता आणि त्याच्या नावातली 'झेडएस' ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. सेंट पीटर्सबर्गच्याच व्याचेस्लाव मेद्नोनोगोव्ह यांनी १९९७ मध्ये 'चोर्नी व्होरोन' हा युद्धनीतीचा खेळ रचला. अशा खेळाला पंधरा वर्षांपूर्वीचे हे यंत्र पुरेल, अशी त्याच्या निर्मात्यांनी कल्पना केली नसेल.

पण दुसरा रकाना फुगवून सांगू नये. एक तर या यंत्रांवर वर्षानुवर्षे चालले ते मुख्यतः ब्रिटनमधले खेळ, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेले. मूळ लेखकांना त्यातले काही मिळाले नाही आणि सर्किट रचणाऱ्या अनेकांनाही मिळाले नाही, कारण त्यांच्या नकलेच्या पुन्हा नकला झाल्या. दुसरे, आपल्याला दिसतात ती चाललेली यंत्रे. एका खराब जोडाने कायमची गप्प झालेली सर्किटे कोणी जपून ठेवली नाहीत. तिसरे, ठोक्यांत, कळफलकात, बारीकसारीक जोडणीत प्रत्येक नकलेचा आपला वेगळा पाठ, त्यामुळे एकाकडे चालणारा कार्यक्रम शेजाऱ्याकडे चालेलच असे नाही. आणि शेवटी, नकाशा वाचून सर्किट समजलेले थोडे, नुसती चित्राबरहुकूम जोडणी केलेले पुष्कळ. सोल्डरिंग केले म्हणजे समजले, असे कोणी मानू नये. आमच्या प्रयोगशाळेतही हे अंतर रोज दिसते.

तरीही एक आठवण येथे नोंदवावीशी वाटते. १९८४-८५ मध्ये भारतात 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले. आम्ही ज्या शाळेत होतो तिथेही १९९०च्या सुमारास एक संगणक होता, मूळ कंपनीचा, अस्सल. तो काचेच्या दाराआड असे. पायताणे बाहेर काढून, रांगेने, दोघांत तीन-चार मिनिटे असा तो आमच्या वाट्याला येई. एकदा तो बंद पडला. दुरुस्तीला माणूस येणार म्हणून वर्षभर त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन राहिले आणि त्या वर्षी आमचे सर फळ्यावर कार्यक्रम लिहून 'आता काय छापले जाईल?' असे विचारीत. झाकण उघडून पाहू का, असे एका मुलाने विचारले तेव्हा सर हसले आणि म्हणाले, "अरे, त्याची किंमत माहीत आहे का तुला?" सरांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही, नोंदवहीत त्या यंत्रापुढे सही त्यांची होती. पण लेनिनग्राडचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हाला तो मुलगा आठवला.

आज या सगळ्याचा अनुभव घ्यायला सोल्डरिंग लागत नाही. स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअरे कोणत्याही साध्या संगणकावर चालतात. रॉमचे हक्क १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले होते, आणि अशा सॉफ्टवेअरसोबत ती वाटायला त्या कंपनीने १९९९ मध्ये मोकळीक दिली. 'फ्यूज' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्र निवडण्याची यादी आहे. तीत सिंक्लेअरच्या यंत्रांसोबत 'पेंटॅगॉन' आणि 'स्कॉर्पियन' ही नावे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. आधी ४८ किलोबाइटचा मूळ स्पेक्ट्रम निवडावा आणि बेसिकमध्ये उणे ६५५३६ या पूर्णांकाचा पूर्णांकी भाग छापायला सांगावा. उत्तर उणे एक येते. ही रॉममधली आणखी एक जुनी चूक. मग यादीतून पेंटॅगॉन निवडावा आणि तोच प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना उत्तर वहीत लिहायला सांगावे.